जुना पेट्रोलपंप : भंगार की ठेवा?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून सागाचा एक ओंडकाही परवान्यावाचून हलत नाही. त्यावर हातोड्याचा शिक्का लागतो, सोबत वाहतूक पास लागतो आणि नाक्यावर तो दाखवावा लागतो. ओंडका कोठून निघाला, कोणाचा आहे आणि कोठे चालला, याची सारी हकीकत कागदावर असते. परंतु याच रस्त्यांवर एके काळी मोटारींना चालते ठेवणारा एखादा जुना, हाताने चालवायचा पेट्रोलपंप कोठे गंजत उभा असेल, तर त्याचे काय होते? भंगारवाला येतो, गॅस कटर लावतो, किलोच्या भावाने पैसे मोजतो आणि जातो. नाहीतर मोठ्या शहरातला एखादा शौकीन तो हॉटेलच्या शोभेसाठी उचलून नेतो. दोन्ही प्रकारांत मागे नोंद राहत नाही आणि दोन्ही प्रकारांत माणसाच्या जिवाशी खेळ होतो. या दोन गोष्टींकडे आपल्या विद्यार्थी मित्रांचे व गुरुजनांचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पंपाची ती जुनी तऱ्हा आज पुष्कळांनी पाहिलेली नसेल. आरंभी पेट्रोल पत्र्याच्या डब्यांतून विकले जाई. पुढे पंप आले. त्यांतील एका प्रकारात उंच लोखंडी खांबावर काचेचे भांडे असे व त्यावर गॅलनच्या खुणा असत. दांडा मारून जमिनीखालच्या टाकीतले पेट्रोल त्या भांड्यात चढवायचे, गिऱ्हाइकाला डोळ्यांनी माप दाखवायचे आणि मग नळीने ते मोटारीत सोडायचे. त्या गॅलनमध्ये सुमारे साडेचार लिटर होत. दशमान मापांचा कायदा 1956 साली झाला आणि हळूहळू गॅलन गेला. 1974 मध्ये एस्सोचा व 1976 मध्ये बर्मा-शेलचा कारभार सरकारने घेतला आणि त्या नावांच्या पाट्याही उतरल्या. म्हणजे एका पंपाच्या अंगावर परकी कंपनी, जुने माप आणि नवे राज्य असा अर्ध्या शतकाचा इतिहास लिहिलेला असतो. तो इतिहास वजनकाट्यावर घालून आपण किती रुपये मिळवणार?

यावर कोणी म्हणेल, "लोकांना धड रस्ते नाहीत आणि तुम्ही जुन्या लोखंडाचे कौतुक काय मांडले आहे!" हा आक्षेप खोटा नाही. रस्ता आधी हवा, हे मलाही मान्य आहे. परंतु पंप जपल्याने कोठला रस्ता अडत नाही. आणि ज्या मुलखातून लाकूड, कोळसा, बांबू सारे बाहेर गेले, त्याने आपली आठवणही ट्रकात भरून द्यावी काय?

आता जिवाचा प्रश्न. "टाकी वर्षानुवर्षे रिकामीच आहे," या वाक्यासारखे घातक वाक्य नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक भयंकर असते, कारण जळते ती पेट्रोलची वाफ. हवेत ती अवघी दीड ते साडेसात टक्के असली तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे उडून जात नाही. खड्ड्यात, नळीत व टाकीच्या तळाशी दडून बसते. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते. मग आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाची कथा काय सांगावी! अशा टाकीवर गॅस कटर धरणारा मजूर रोजंदारीवर आलेला असतो, आणि आत काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. खरा गुन्हा तो आहे.

म्हणून क्रम पाळावा. प्रथम मालकाची व कंपनीची लेखी संमती घ्यावी. पेट्रोलियमचे परवाने पाहणाऱ्या स्फोटके खात्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. त्यांना विचारल्यावाचून टाकीला हात लावू नये. टाकी वायुमुक्त असल्याचा जाणकाराचा दाखला मिळेपर्यंत तेथे आगीचे काम करू नये, असा नियमच आहे. विजेची तार असल्यास ती वायरमनकडून तोडून घ्यावी. नळीत व पंपाच्या पोटात उरलेले पेट्रोल जाणकारानेच धातूच्या डब्यात काढावे; प्लॅस्टिकच्या डब्यात नव्हे, कारण तेथे स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. टाकी धुतलेले पाणी नाल्यात सोडू नये. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले. त्यापूर्वीच्या गाळात शिसे असणारच, तेव्हा हातमोजे हवेत. गंजलेल्या बोल्टांना तेल पाजून दोन दिवस थांबावे आणि पान्याने ते सोडवावे. कटरची घाई नको. घाटातल्या पाट्यांवरचे 'अति घाई संकटात नेई' हे वचन येथेही लागू आहे.

वाहतुकीचेही तसेच. काचेचे भांडे व वरचा दिवा प्रथम उतरवून निराळ्या पेटीत गोधडीत गुंडाळावा. बिडाचा भाग वाकत नाही, एकदम तडकतो. म्हणून पंप ढकलून पाडू नये. बल्ल्यांची तिपाई करून चेनपुलीने तो उचलावा, फळ्यांच्या चौकटीवर निजवावा आणि चोहोबाजूंनी दोराने जखडावा. आलापल्ली-सिरोंचासारख्या लांब वाटेवर गाडी थांबवून दोर पुनःपुन्हा तपासावेत.

आणि मग आपले काम, म्हणजे कलाशाखेचे! पंप हलण्यापूर्वी तो जागेवर असतानाच छायाचित्रे काढावीत, मापे घ्यावीत, पाटीवरचा कारखान्याचा मजकूर उतरवून घ्यावा. गावातल्या वृद्ध ड्रायव्हर-क्लीनरांच्या आठवणी लिहून काढाव्यात. नागभीडहून नागपूरला जाणारी छोटी रेल्वे 2019 मध्ये थांबली. परंतु नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे, म्हणून त्या गाड्यांची ओळख तरी पुढच्या पिढीला होईल. रस्त्याच्या इतिहासाला असे घर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कोठे आहे? एखाद्या महाविद्यालयाने किंवा 2011 साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने एक पडवी दिली, तरी आरंभ होईल.

ओंडक्याला जो मान आपण देतो, तोच त्याची वाट सोपी करणाऱ्या यंत्राला द्यावा. पंप हलवायचा तर हलवावा. पण माणूस सुखरूप राहील असा, आणि सोबत त्याचा पास असेल असा!