पुस्तकावरचा चौकोन

गेल्या ईदला पुण्याहून शेलूबाजारला आलो होतो. माझी भाची सातवीत आहे. तिच्या पुस्तकावरच्या क्यूआर कोडवर बोट ठेवून मी विचारलं, "हे काय आहे, माहीत आहे?" ती म्हणाली, "मामू, हे तर दुकानात पैसे द्यायचं आहे ना!"

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. समृद्धी महामार्ग गावाजवळून गेला, किराणा दुकानात क्यूआर कोड आला. पण पुस्तकावरच्या त्याच चौकोनामागे धड्याचा व्हिडिओ आहे, हे माझ्याच घरातल्या मुलीला कुणी दाखवलं नव्हतं. मीही नाही.

हा चौकोन पुस्तकात कसा आला, ते समजून घेण्यासारखं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले गुरुजी रुजू झाले. शाळा मोडकळीला आलेली, शेजारी गुरांचा गोठा. बऱ्याच मुलींची घरची भाषा कानडी आणि पुस्तकाची भाषा वेगळी. गुरुजींनी आधी मुलींची भाषा शिकून घेतली, मग पहिली ते चौथीची पुस्तकं नव्याने मांडून त्यांत क्यूआर कोड घातले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू यायची, धडा पाहता यायचा. पुढे राज्याने ही कल्पना पाठ्यपुस्तकांत आणली. २०२० साली गुरुजींना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

क्रम लक्षात घ्या: आधी भाषा, मग कोड. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मी शिकलो त्या शाळेत संगणक होते, पण खोलीला कुलूप असायचं. पाहुणे आले की ते उघडायचं आणि आम्ही चपला बाहेर काढून नुसते पडदे बघून यायचो. आज कुलूपाच्या जागी बंद पडलेला प्रोजेक्टर असतो, एवढाच फरक. यंत्र आणणं सोपं असतं. ते रोजच्या तासाला वापरणारा शिक्षक तयार करायला वेळ आणि मेहनत लागते.

आपल्या मुलांचा प्रश्न परितेवाडीच्या मुलींपेक्षा फार वेगळा नाही. घरात वऱ्हाडी मिसळलेली उर्दू, शाळेत प्रमाण मराठी किंवा किताबी उर्दू, आणि गणित-विज्ञानाचे चांगले व्हिडिओ बहुतेक इंग्रजी-हिंदीत. मूल विषयात कच्चं नसतं, भाषेत अडकलेलं असतं.

दुसरा प्रश्न आपल्या घरातलाच आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या शंभरपैकी जेमतेम १५ घरांत इंटरनेट होतं आणि चारेक घरांत संगणक. त्यानंतर मोबाइल गावोगाव पोहोचला. पण फोन घरात असणं आणि तो मुलीच्या हातात असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या घरात भाच्याला फोन कधीही मिळतो, भाचीला विचारून. 'मुलगी बिघडेल' या भीतीवर तिच्या हातून फोन काढून घेणं हा इलाज नाही. तिच्या शेजारी बसून शिकणं हा इलाज आहे.

मित्रांनो, आपल्यातले कितीतरी जण पुण्या-मुंबईत संगणकावर पोट भरतात. सरकारकडे मागण्या करूच, पण सुट्टीला गावी गेल्यावर तीन कामं करता येतील. मोहल्ल्यातल्या पाच मुलांना दीक्षा अॅप उघडून दाखवा आणि धडे उतरवून द्या, म्हणजे रेंज नसली तरी चालतील. शाळेतल्या एका शिक्षकाला भेटा. सल्ला देऊ नका, काय अडतं ते विचारा. आणि तुमचा विषय मुलांच्या बोलीत समजावून सांगणारा दहा मिनिटांचा व्हिडिओ करा.

त्या संध्याकाळी भाचीने पहिल्यांदा तो चौकोन स्कॅन केला. धडा संपल्यावर तिने विचारलं, "मामू, आता दुसरा?" मी परतलो तेव्हा माझा जुना फोन तिच्याकडे ठेवून आलो. भाच्याने तो मागितलाच, तर तिला विचारून घ्यायचा, असं ठरलं आहे.