दम सोडणारं इंजिन

कायमचं बंद पडलेलं इंजिन परवडलं. पण मधूनच दम सोडणारं, आणि मेकॅनिक समोर आला की शहाण्यासारखं चालणारं इंजिन नको रे बाबा! आपल्या धंद्यातही तेच. दर वेळी क्रॅश होणारा बग तासाभरात सापडतो, आठवड्यातून एकदा उगवणारा डोकं खातो.

आमच्या टीममधला एक मित्र हर्णैचा. घरची मासेमारीची बोट आहे. यंदा बंदी उठल्यापासून तिच्या डिझेल इंजिनाने तीन-चारदा हेच नाटक केलं. बंदरात एकदम ठणठणीत. बाहेर गेल्यावर, त्यातही पाणी खवळलं की आरपीएम पडायचा. धूरबिर काही नाही. तांडेल इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचा, परत मारलं की चालू! म्हणजे 'माझ्या मशीनवर तर चालतंय'चा अस्सल कोकणी अवतार. बंदरावर सगळ्यांचं एकमत झालं: फ्युएल पंप गेला, नवीन टाका. (सल्ला देणाऱ्याच्या खिशातून पैसे जात नाहीत, हे सगळीकडे सारखंच.)

माझं म्हणणं एवढंच, की पंपाला हात लावायच्या आधी त्या दहा मिनिटांचा हिशोब लागला पाहिजे. झिजलेला पंप सहसा एवढ्याशा विश्रांतीने बरा होत नाही.

आता दुसरबीडच्या माणसाला बोटीतलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. खरंय, आमच्या बुलडाण्याकडे समुद्र फक्त नकाशात. पण लोडशेडिंगच्या काळात आमच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं आणि तेही अर्ध्या तासाने असंच दम सोडायचं. नोझल बदलून झालं, चारदा एअर काढून झाली. शेवटी काकांनी टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत गेली. झाकणाच्या बारक्या भोकात कुंभारमाशीने चिखल भरला होता! जेवढं डिझेल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही की डिझेलची धार मंदावते. इंजिन थांबलं की हवा हळूहळू कुठूनतरी झिरपते आणि गाडी परत रुळावर. काडीने भोक मोकळं केलं, खर्च शून्य. पण तोवर गव्हाचं एक पाणी हुकलं होतं.

बोटीत या व्हेंटशिवाय आणखी संशयित असतात. पावसाळी बंदीत बोट किनाऱ्यावर उभी, टाकी अर्धी रिकामी. त्यातल्या दमट हवेचं पाणी होतं, ते डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि बुळबुळीत गाळ तयार होतो. बंदरात टाकी हलत नाही, गाळ खाली निवांत. लाटांत सगळं घुसळून निघतं आणि गाळ पाइपच्या तोंडाला चिकटतो. इंजिन बंद केलं की ओढ थांबते, गाळ सुटून पडतो. दहा मिनिटांचं कोडं इथेही जुळतं बघा.

आणि 'कुठे गळत तर नाहीये' या वाक्यावर तर बिलकुल विश्वास ठेवू नका. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात ओढ असते. चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

मग करायचं काय? बायनरी सर्च! टाकी बाजूला ठेवा, स्वच्छ डिझेलचा कॅन घट्ट बांधा, पारदर्शक नळीने इंजिनला जोडा, रिटर्नही त्याच कॅनमध्ये सोडा. आणि बोट लोडवर चालवा, धक्क्याला बांधून रिकामी नाही. इंजिन नीट चाललं तर दोष टाकी किंवा तिच्या पाइपात. तरीही दम सोडला तर खुशाल पंप उतरवा. 

पंपाचे पैसे वाचतात हा भाग वेगळाच. मला जास्त भीती त्या परत चालू होण्याची वाटते. चालू होतं म्हणून बोट पुन्हा बाहेर जाते, आणि एखाद्या दिवशी वारा खडकांच्या दिशेने असताना दहा मिनिटं थांबायला सवडच नसते. बोटीवर खलाशी असतात हो, सर्व्हर नव्हे.

मित्राचे वडील कॅन बांधायला तयार झालेत, जरा कुरकुरतच. रविवारी जवळच्याच पाण्यात जाणार आहेत, सोबत शेजाऱ्याची बोट घेऊन.