दोन वर्षांच्या मुलालाही आडोसा हवा

सार्वजनिक ठिकाणी दोन-अडीच वर्षांच्या मुलाला शू लागली की त्याची चड्डी आपल्याकडे कुठेही उतरवली जाते. बागेचं कुंपण, एसटी स्टँडवरच्या फलाटाची कड, मॉलच्या वाहनतळातला खांब, मंगल कार्यालयामागचं गटार, जागा कोणतीही चालते. ‘लहान आहे, त्याला काय कळतंय’ या एका वाक्यावर सगळं निभावतं, आणि ते म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसतं. तरीही ते वाक्य चुकीचं आहे, असं माझं ठाम मत आहे. ज्या वयात मूल आपल्या शरीरावर ताबा मिळवायला शिकतं, त्याच वयात ते शरीर चारचौघांपुढे केव्हाही उघडं करता येतं, हेही आपण त्याला शिकवत असतो. शी-शूच्या सवयीबरोबर आडोशाची सवयही लागायला हवी. ती लावण्याचं काम मुलावर टाकता येत नाही. ते आईवडिलांचं आहे, आजूबाजूला उभ्या असलेल्यांचं आहे आणि स्वच्छतागृहं बांधणाऱ्या पालिकांचंही आहे.

मुलाला काही कळत नाही, हे गृहीतकच आधी तपासू. डायपर घातलेलं दीड-दोन वर्षांचं मूल शी लागली की खेळ टाकून पडद्याआड, दारामागे, पलंग आणि भिंतीमधल्या सांदीत जाऊन उभं राहतं. कुणी जवळ गेलं तर ‘जा’ म्हणतं. ज्या घरात लहान मूल वाढलं आहे तिथल्या बहुतेकांनी हे पाहिलेलं असतं, आणि बालरोगतज्ज्ञ हे लपणं मूल सवय लावण्याजोगं झाल्याच्या खुणांमध्ये धरतात. आडोसा हवा, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. पुरते शब्द नसतानाही ते तो मागत असतं. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदींवर आधारलेला लेख प्रसिद्ध केला आणि मुलाची तयारी दिसल्यावरच, त्याच्या कलाने सवय लावावी, असा विचार मांडला. पुष्कळ बालरोगतज्ज्ञ आज थोड्याफार फरकाने हाच सल्ला देतात. आपल्याकडे आजी पाय लांब करून तान्ह्या बाळाला पावलांवर बसवते आणि ‘शूऽऽ’ असा आवाज काढत शी-शू करवते. ही रीत वेगळी आणि कितीतरी आधी सुरू होणारी. त्यातली कोणती बरी, हा इथला प्रश्न नाही. निवांतपणा आणि ओळखीचं माणूस मात्र दोन्हींत लागतं. ते नसलं की मूल शी रोखून धरतं. रोखलेली शी कडक होते, करताना दुखतं, आणि दुखलं की पुढच्या खेपेला मूल आणखी रोखतं. लहान मुलांच्या बद्धकोष्ठाचं हे नेहमी आढळणारं कारण आहे, आणि पुष्कळदा त्याची सुरुवात याच सवय लावण्याच्या काळात होते. म्हणून आडोसा हा मुलाच्या प्रकृतीचाही प्रश्न आहे.

मूल उघडं पडतं ते कपडे काढल्यानेच असं नाही. भरल्या डब्यात ‘शी केलीस का रे?’ असं मोठ्याने विचारणं, पाहुण्यांदेखत डायपर मागून ओढून आत बघणं, चड्डी ओली झाली की ‘बघा, एवढा घोडा झाला तरी’ म्हणून शेजाऱ्यांना साक्षीला घेणं, ‘पोलीसकाका पकडून नेतील’ अशी भीती घालणं, हे सगळं त्याच जातीचं आहे. कानाजवळ वाकून विचारलं तरी उत्तर मिळतं, आणि मुलाची मान खाली जात नाही. त्यात आता मोबाइलची भर पडली आहे. पॉटीवर बसलेल्या मुलाचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो, ‘पहिल्यांदा सांगून केली’ म्हणून रील होते, आणि दोन मिनिटांनी तो फोटो किती फोनांत साठला हे कुणालाच सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो सज्ञानांपुरता राखून ठेवलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं १६वं कलम मुलाच्या खासगीपणात मनमानी ढवळाढवळ करायला मनाई करतं, आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती मागतो. मेख आहे ती इथेच. फोटो टाकणारेच आईवडील असतात तेव्हा मुलाच्या वतीने नाही म्हणणारं कुणी उरत नाही. त्यामुळे हा नियम घरातच करावा लागेल: पॉटीवरचा, न्हाणीतला, चड्डीशिवायचा फोटो कुणालाही पाठवायचा नाही, आजीआजोबांनाही नाही.

यात सुरक्षिततेचा धागा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर झालेल्या अत्याचाराचं प्रकरण उघड झालं. सारं राज्य हादरलं, शाळांत कॅमेरे बसवण्याचे आदेश निघाले, आणि ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवण्याची मागणी नव्याने जोर धरू लागली. अशा गुन्ह्याचा दोष गुन्हेगाराचा आणि मुलांना सांभाळायचं ज्यांनी पत्करलं होतं त्यांचा. मुलावर किंवा त्याच्या संस्कारांवर त्याचा कणभरही भार टाकता येत नाही. पण जो धडा आपण पाचव्या-सहाव्या वर्षी शाळेत द्यायला निघालो आहोत, त्याच्या नेमका उलटा धडा दुसऱ्या वर्षी रस्त्यावर दिलेला असतो. तुझी चड्डी कुणीही, कुठेही, कुणाच्याही देखत काढू शकतो, आणि तू रडलास तर लोक हसतील, हे ज्याने वर्षभर अनुभवलं त्याला नंतर ‘हे तुझं शरीर आहे’ असं तक्त्यावरच्या चित्रांतून पटवून देणं अवघड जातं. ‘आपण आत जाऊ, दार लावू, मग चड्डी काढू’ हे आई रोज म्हणते तेव्हा तोच धडा न शिकवता शिकवला जातो. पाळणाघरात आणि बालवाडीत मुलाला शी-शूला कोण नेतं, दार किती उघडं असतं, कपडे कोण बदलतं, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विचारावं. विचारणाऱ्याला संशयी ठरवू नये.

आता बाकीच्यांची बाजू. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते, असा एक खोलवर रुजलेला समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. जुलाबाचे आजार पाच वर्षांखालच्या मुलांना अधिक होतात, त्यामुळे त्यांच्या शीतून रोगजंतू पसरण्याचा धोका मोठ्यांच्या विष्ठेहून कमी नसतो, बऱ्याचदा जास्तच असतो. हिपॅटायटिस-ए झालेल्या लहानग्याला पुष्कळदा कावीळ दिसतही नाही, पण विषाणू त्याच्या शीतून बाहेर पडत राहतो आणि घरातला किंवा शेजारचा मोठा माणूस आजारी पडतो. मुलाच्या शीची विल्हेवाट कशी लावता, हा प्रश्न राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आयांना विचारला जातो, तो काही उगीच नाही. म्हणून हॉटेलात टेबलाशेजारी पॉटी मांडून मुलाला बसवणं, बाकावरच डायपर बदलणं, भरलेला डायपर गाडीच्या खिडकीतून टाकणं यांना मुलाच्या लहानपणाची सबब पुरत नाही. वापरलेला डायपर गुंडाळून वेगळा द्यावा आणि त्यासाठी पिशवी उत्पादकांनी पुरवावी, असं २०१६चे घनकचरा नियम सांगत आले. ती पिशवी किती पाकिटांत सापडते, हे दुकानात जाऊन कुणीही पाहावं. पण जेवणाऱ्यांची किळस आणि मुलाची लाज या दोन वेगळ्या बाजू नाहीत. पॉटी टेबलाशेजारून उचलून दाराआड नेली की दोघांचंही काम होतं.

यावर सर्वांत खरा आक्षेप आयांचा असेल. दाराआड न्यायचं, पण दार कुठे आहे? दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १२० मिलिलिटर मावतं, म्हणजे चहाचा एक लहान कप, आणि ‘शू’ म्हटल्यापासून ती होईपर्यंत एखादंच मिनिट हातात असतं. मुंबईच्या लोकलला स्वच्छतागृह नसतं. विरारहून चर्चगेटला निघालेल्या आईला पुढच्या स्टेशनावर उतरायचं की डब्यातच काहीतरी करायचं, एवढेच पर्याय उरतात. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच या लेखाचा रोख त्या आईवर नाही. नाइलाजाने झाडाआड बसवलेल्या मुलाकडे बघून नाक मुरडणं हा असभ्यपणा आहे, मुलाची शू नव्हे. अशा वेळी पाठ फिरवावी, ओढणी धरायला हात पुढे करावा, पाण्याची बाटली द्यावी, आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत लहान मूल घेऊन कुणी आलं तर न मागता पुढे सोडावं. पालकांनी निघण्यापूर्वी मुलाला बसवून घ्यावं, पोचल्यावर आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघावं, पिशवीत एक दुपटं आणि कोरडी चड्डी ठेवावी. नाइलाज आणि सवय यांतली रेघ अशीच आखता येते: पन्नास पावलांवर स्वच्छतागृह असतानाही कुंपणाशीच उभं केलं, तर त्याला नाइलाज म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळं शहरी सोवळेपण आहे. गावात पोरं उघडी हिंडली, कुणाचं काही बिघडलं नाही, आणि आता मुलांच्या मनात शरीराची घृणा कशाला भरायची? घृणा भरू नये, हे शंभर टक्के खरं. पण घृणा आणि आडोसा यांचा एकमेकांशी संबंध नाही. आपण मोठी माणसं दार लावून बसतो ते शरीर घाणेरडं वाटतं म्हणून नाही. तो आपला मान आहे म्हणून. तोच मान मुलाला दिल्याने त्याच्या मनात विष कालवलं जात नाही. उलट घृणा शिरते ती चारचौघांतल्या हशातून आणि ओरडण्यातून. राहिलं गावाचं. तिथे उघडं पोर ओळखीच्या अंगणात हिंडत होतं, बघणारी आत्या आणि काकी होती. स्टेशनावरच्या अनोळखी गर्दीला आणि प्रत्येक हातातल्या कॅमेऱ्याला ते अंगण मानता येत नाही.

मुलांसाठी वेगळी सोय करणं हे काही दूरच्या श्रीमंत देशांचं खूळ नाही. पुण्यात १९९९ नंतर, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, वस्त्यांमध्ये सामुदायिक शौचालयं बांधण्याचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात ‘स्पार्क’ आणि ‘महिला मिलन’ या संस्थांनी बांधलेल्या शौचालयांत लहान मुलांसाठी स्वतंत्र जागा ठेवली गेली. कारण वस्तीतल्या बायकांना ठाऊक होतं: मोठ्या भांड्याच्या भोकात पडू, ही मुलांची भीती खरी असते, अंधाराला ती घाबरतात, आणि सकाळच्या घाईत मोठी माणसं त्यांना रांगेतून बाजूला सारतात, म्हणून ती बाहेर गटारावर बसतात. छोटं भांडं, धरायला दांडी, भरपूर उजेड, एवढ्यावर हे बदलू शकतं, हे झोपडपट्टीतल्या बायकांनी पाव शतकापूर्वी ओळखलं. बागा, नाट्यगृहं आणि मेट्रो स्टेशनांची निविदा काढणाऱ्यांनी ते अजूनही नियम म्हणून स्वीकारायचं आहे.

एसटी स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आहेत, आणि स्तनपान व बालसंगोपनासाठी सार्वजनिक ठिकाणी खासगी जागा असावी, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ साली सांगितलं. पण हिरकणी कक्षात बाप जाऊ शकत नाही. तीन वर्षांच्या मुलीला घेऊन एकट्याने प्रवास करणाऱ्या बापाने काय करावं? पुरुषांच्या बाजूला उघड्या मुताऱ्यांची रांग असते, बायकांच्या बाजूला त्याला प्रवेश नसतो, आणि मग तो दारातल्या अनोळखी बाईला ‘हिला जरा आत नेता का?’ म्हणून विनवतो. अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही, असं तिला सकाळीच बजावलेलं असतं. प्रत्येक स्थानकावर, बागेत आणि रुग्णालयात आई किंवा बाप, कुणीही मुलाला नेऊ शकेल अशी एक खोली हवी: आतून लागणारी कडी, लहान भांडं, हाताला पुरेल असा नळ, डायपर बदलायला फळी आणि झाकणाचा डबा. असलेल्या स्वच्छतागृहातला एक कोपरा वेगळ्या दाराने तोडला तरी ती होते, आणि नव्या बांधकामाच्या नकाशात ती नसेल तर पालिकांनी तो नकाशा मंजूर करू नये.