गादीशेजारचा माणूस

१५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी सांगितली जाणारी त्यांची गोष्ट बहुधा गरिबीवर मात केल्याची असते. कराडजवळच्या गोळेश्वरचा मल्ल, हेलसिंकीला जायला पैसे नाहीत, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे करतात आणि १९५२ साली स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळते. गोष्ट खरीच आहे. पण पैशापाशी ती थांबवली, तर गोंदिया जिल्ह्याच्या झाडीपट्टीतल्या अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्याच्या कामाचा धडा हातून निसटतो. खाशाबांना पैशाइतकीच उणीव होती ती खेळाचे नियम जाणणाऱ्या आणि शेवटपर्यंत सोबत राहणाऱ्या माणसाची.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. मातीत घडलेल्या खाशाबांना तिथे गादीवर उतरायचे होते. मातीत पाय रुततो, जोर लावायला आधार मिळतो. गादीवर तोच पाय वर राहतो आणि तोल वेगळा सांभाळावा लागतो. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना गादीची कुस्ती समजावली आणि ते सहावे आले. चार वर्षांनी त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मात्र एका दमवणाऱ्या लढतीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्ह यांच्यासमोर उभे केले गेले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमानेच मिळायला हवी होती, पण ती मागायला गादीजवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता. खर्डेकरांचे पैसे त्यांना हेलसिंकीपर्यंत घेऊन गेले. पुढचे काम पैशाचे नव्हतेच.

कोणी म्हणेल, खरी गुणवत्ता अडत नाही; खाशाबांनी कांस्य आणलेच ना? आणले. पण दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, तब्बल ४४ वर्षे थांबावे लागले. मधल्या काळात गावोगाव ताकदीची पोरे नव्हती, असे कोण म्हणेल? एखाद्याच्या अचाट जिद्दीवर व्यवस्था चालत नसते. दुसरा आक्षेप असा की आता काळ बदलला, गाद्या आल्या, संकुले आली. खरे आहे. पण धान निघाल्यावर मोकळ्या झालेल्या बांधीत कबड्डी खेळणारे झाडीपट्टीतले पोर पहिल्यांदा गादीवर उतरते, तेव्हा त्याचीही चढाई अडखळणारच. साहित्य विकत आणता येते. त्यावर पाय कसा टाकायचा, दाद कधी मागायची, हे माणसालाच शिकवावे लागते.

प्रत्येक तालुक्याला असा प्रशिक्षक परवडणार नाही, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. त्यावर उपाय शाळेतच आहे. शारीरिक शिक्षणाच्या निवडक शिक्षकांना पंच परीक्षेला बसवावे, गादीवरच्या खेळाचे प्रशिक्षण द्यावे आणि संघासोबत जिल्ह्यापासून राज्यापर्यंत पाठवावे. त्यांचा प्रवासखर्च क्रीडा खर्चातच धरावा. अर्जुनी मोरगावचे पोर उद्या गोंदियात किंवा पुण्यात खेळायला उतरले, तर त्याच्या हक्काची विश्रांती मागणारे कुणीतरी गादीशेजारी उभे असलेच पाहिजे. खाशाबांना ते मिळाले नाही. या पोरांना ते देणे आपल्या हातात आहे.