पित्त की वावडे?

मराठी घरात ‘पित्त’ हा शब्द फार कामाचा आहे. मळमळले, पित्त झाले. उलटी झाली, पित्त पडले. अंगावर लाल गांधी उठल्या, तरी पित्तच उठले. आजीबाई गांधींवर आमसुलाचा कोळ चोळतात, पोटासाठी कोकमाचे सरबत देतात, आणि तासाभरात सारे शांत झाले म्हणजे विषय तेथेच संपतो. पुष्कळदा तो संपण्याजोगाच असतो. परंतु ज्या मुलाला अंडे खाताच दर वेळी ओकारी येते, किंवा ज्या गृहस्थास कोळंबी खाल्ली की पोटात मुरडा उठतो व ओठ सुजतात, त्यांच्या बाबतीत या एका शब्दाने खरे कारण झाकले जाते. ते कारण म्हणजे वावडे. डॉक्टर त्यालाच अ‍ॅलर्जी म्हणतात.

वावडे म्हणजे खाण्याचे नखरे नव्हेत, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. १९२१ साली प्राउस्निट्झ व क्यूस्टनर या दोघा डॉक्टरांनी याचा मोठा मासलेवाईक प्रयोग केला. क्यूस्टनर यांना मासळी सोसत नसे. त्यांच्या रक्तातील द्रव प्राउस्निट्झ यांच्या त्वचेत टोचला व दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. ती जागा तत्काळ सुजली! मासळीशी वैर एकाचे, सूज दुसऱ्याच्या अंगावर. म्हणजे ते वैर मनात नसून रक्तात होते. रक्तातील हा पदार्थ पुढे १९६६ साली इशिझाका या जपानी पतिपत्नींनी शोधून काढला. त्याला आज ‘आय-जी-ई’ म्हणतात.

हे आय-जी-ई आपल्या शरीरातील काही विशिष्ट पेशींवर पहारेकऱ्यासारखे बसलेले असते. या पेशी त्वचेत असतात, श्वासमार्गात असतात, आणि जठर व आतड्यांच्या अस्तरातही असतात. निरुपद्रवी अन्नातील प्रथिनास शत्रू समजून पहारेकऱ्याने हाक दिली की या पेशी हिस्टामिन व तत्सम द्रव्ये सोडतात. मग त्वचेवर गांधी उठतात. आतड्याचे स्नायू आवळतात, त्यात पाणी झिरपते, आणि मळमळ, उलटी, कळा व जुलाब सुरू होतात. हे बहुधा खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत घडते. दूध, अंडे, शेंगदाणे, काजू, तीळ, गहू, सोयाबीन, मासळी व कोळंबी-खेकडे हे नेहमीचे कारणीभूत पदार्थ होत.

मात्र प्रत्येक मळमळीस वावडे म्हणणे हीही चूकच. दूध पिऊन पोट फुगते व जुलाब होतात, पण दही चालते, अशा माणसाला बहुधा दुधातील साखर पचत नसते. तो निराळा विकार आहे. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन आपोआप तयार होते आणि तो खाणाऱ्या साऱ्या घरालाच लाली व उलट्या होऊ शकतात. तेथे दोष मासळीच्या साठवणीचा. धुळीमुळे नाक चोंदणाऱ्या मुलास सकाळी मळमळते, ते रात्रभर घशात उतरलेल्या शेंबडानेही असू शकते.

तर घरी काय करावे? एक वही ठेवावी. काय खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, अंगावर काही उठले का, हे तीत लिहावे आणि ती वही डॉक्टरांस दाखवावी. केवळ रक्ताच्या एका चाचणीवरून वावडे ठरत नाही; चाचणी व घडलेली हकीकत यांचा मेळ बसावा लागतो. वावडे ठरण्यापूर्वीच मुलाचे दूध, अंडे, गहू सारेच तोडू नये, कारण त्याने बालक अशक्त होते. दुधाचे व अंड्याचे वावडे पुष्कळ मुलांत मोठेपणी नाहीसे होते. शेंगदाणे, काजू व कोळंबी यांचे बहुधा टिकते. पण ते गेले की नाही याची परीक्षा घरी घेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. खाल्ल्यानंतर उलट्यांबरोबर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, श्वास लागला किंवा घेरी आली, तर ते ‘पित्त’ नव्हे; तो प्राणावरचा प्रसंग आहे. रोग्यास आडवे निजवावे, उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे, दम लागत असल्यास बसू द्यावे. पण उभे करू नये, चालवू नये. तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे मांडीत दिले जाणारे अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन हाच खरा उपाय आहे. खाजेची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. बरे वाटले तरी काही तास तेथेच थांबावे, कारण लक्षणे पुन्हा उलटू शकतात.

शेवटी यजमानांना एक विनंती. आग्रह करून वाढणे ही आपली जुनी रीत, आणि ती गोडही आहे. पण पाहुणा किंवा लहान मूल ‘मला हे सोसत नाही’ म्हणाले, तर ‘एका घासाने काय होते?’ असे विचारू नये. वावडे असणाऱ्यास एका घासाने पुष्कळ होते. कोणत्या पदार्थात काय घातले आहे, हे त्याला आधी सांगावे. हाच त्याच्यासाठी खरा पाहुणचार.