वीज-कामगारांसाठी प्रात्यक्षिक शिक्षणाचे आवार

विहिरीवरील पंप, कडबाकुट्टी, पिठाची गिरणी ही सर्व आता विजेवर चालतात. परंतु ती वीज शेतापर्यंत आणणारा व बिघाड झाल्यास रात्री-अपरात्री धावून येणारा जो वीज-कामगार, त्याच्या शिक्षणाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. केवळ फळ्यावरील आकृत्यांनी हे शिक्षण पुरे होत नाही. धोका ओळखण्याची सवय हातांना लागावी लागते, आणि त्यासाठी स्वतंत्र आवार हवे.

असे आवार कसे असावे, हे कामाच्या जागेवरून ठरते. मुंबईतील गिरगावचे उदाहरण घ्यावे. १९०५ साली स्थापन झालेल्या कंपनीचा कारभार १९४७ साली मुंबई महापालिकेकडे आला. तीच आजची 'बेस्ट'. गिरगावच्या वाड्यांत व चाळींत वीज जमिनीखालील केबलमधून पोचते. चर खोदला असता त्यात शेजारी-शेजारी अनेक केबली व नळ आढळतात. त्यांतील कोणती केबल बंद आहे हे डोळ्यांस कळत नाही. शिवाय पुरवठा तोडल्यावरही केबलमध्ये काही काळ विद्युत्भार शिल्लक राहतो.

खेड्यातील तार उघडी दिसते. म्हणून तेथील काम सोपे ठरत नाही. एबी स्विच उघडला तरी त्याचे एखादे पाते चिकटून राहते व एक फेज चालूच असते. एखाद्या घरचे जनित्र चुकीच्या जोडणीमुळे बंद तारेत उलट वीज सोडते. सारांश, बंद केलेली तार ही मृत तार नव्हे. पुरवठा तोडणे, तो पुन्हा कोणी सुरू करणार नाही अशी तजवीज करणे, तपासणे व भूसंपर्क देणे एवढे झाल्यावरच तिला हात लावावा.

म्हणून प्रशिक्षणाच्या आवारात खांबांची छोटी रांग, रोहित्र व एबी स्विच यांबरोबरच केबलचा चर आणि चाळीतील मीटरचा फळाही असावा. विशेष म्हणजे तेथे बिघाड मुद्दाम घडवून ठेवावेत. पुरवठा निर्धोक अशा अल्प दाबाचा ठेवून चूक होताच घंटा वाजेल अशी योजना करावी. तेथील चुकीची किंमत घंटेपुरती राहील. प्रत्यक्ष तारेवर तीच चूक प्राण घेते.

खर्चाचा आक्षेप येईल. तथापि जुने खांब, जळालेली रोहित्रे व केबलचे तुकडे शिकण्यास उत्तम साधने होत. उणीव साहित्यापेक्षा योजनेची अधिक आहे.

या आवारात महिन्यातून एक दिवस शेतकऱ्यांसही प्रवेश असावा. पिकास पाणी देण्याची घाई असते, वायरमन लवकर येत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी शेतकरी स्वतःच रोहित्रावरील फ्यूज घालतात. त्यांची अडचण खरी आहे; उपाय मात्र जिवावर बेतणारा आहे. चिकटलेले पाते एकदा प्रत्यक्ष पाहिलेला शेतकरी रोहित्राकडे हात नेण्यापूर्वी थांबेल, आणि तारेची तपासणी करणाऱ्या वायरमनला घाई करण्याचेही टाळील.