यंत्र नव्हे, स्वस्त मजुरी हा शत्रू

गेल्या पंधरवड्यात पुतण्याच्या मोटारीतून एका स्वयंचलित धुलाई केंद्रात जाण्याचा योग आला. गाडी कमानीखाली उभी राहिली, फेसाचे फवारे उडाले, फिरते ब्रश अंगावरून गेले आणि काही मिनिटांत काम उरकले. सोबतचे एक जुने साथी कळवळून म्हणाले, “चार पोरांची भाकरी गेली!”

कळवळा खरा; निदान मात्र चुकीचे. यंत्र मजुराला हुसकते, हे अर्धसत्य होय. मजुरी पुरेशी स्वस्त असली की मजूरच यंत्राला हुसकतो. इंग्लंडात कालव्यातील नावा ओढण्यास घोड्यांऐवजी कधी कधी स्त्रियांना जुंपीत, हे मार्क्सने १८६७ सालीच नोंदवले. त्याच ब्रिटनमध्ये या शतकात धुलाईयंत्रे मागे पडून हातधुलाईचे अड्डे फोफावले. २०१८ साली तेथील संसदीय समितीने त्यांची संख्या दहा ते वीस हजार अंदाजली आणि तेथील श्रमिकांच्या पिळवणुकीवर बोट ठेवले.

मग आपण रक्षण कशाचे करणार? पहाटे गृहसंस्थांच्या आवारात बादली-फडके घेऊन वाकणाऱ्या माणसाला ना हजेरीपत्रक, ना पगारी रजा, ना आजारपणात आधार. ती बादली त्याच्या हाती कायम राहावी, ही मागणी समाजवादाची असू शकत नाही. त्याला संघटित करणे, किमान वेतन मिळवून देणे आणि यंत्राने वाचवलेल्या श्रमात त्याचा वाटा मागणे, हा आपला लढा. ब्रशशी भांडणे सोपे आहे. मालकाशी भांडणे अवघड. चळवळ हवी ती त्यासाठीच.